आडत दुकानासाठी फ्लास्कमध्ये एपीआय : डेटाबेस कसा बसवावा?

नवीपेठकर

नमस्कार मंडळी. मामांचा इथं सोलापुरात सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीचा गाळा आहे. सगळा कारभार अजून वहीवर चालतो. गाडी आली की आवक वहीत नोंद, मग मापाड्याची वजनाची चिठ्ठी, लिलाव झाला की भाव आणि खरेदीदाराचं नाव, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे खर्च वजा जाता किती पैसे मिळणार त्याचा हिशोब. डिसेंबर-जानेवारीत यार्डात शेकडो गाड्या उतरतात. तेव्हा दिवाणजींची मान वर होत नाही.

मित्र अँड्रॉइड अ‍ॅप लिहितोय, मागची बाजू (सर्व्हरवरचं एपीआय, ज्याच्याशी अ‍ॅप बोलतं) माझ्याकडे आहे. कॉलेजात फ्लास्क (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) शिकलो होतो म्हणून तेच घेतलं. लॅपटॉपवर चालतंय, तीन टेबलं आहेत: शेतकरी, आवक, पट्टी. पण नेटवर जेवढे धडे तेवढ्या पद्धती. कुणी थेट एसक्यूएल लिहितं, कुणी फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी, कुणी फ्लास्क-रेस्टफुल. एसक्यूलाइट (एका फाइलीतला डेटाबेस) पुरेल का पोस्टग्रेसच (वेगळा डेटाबेस सर्व्हर) घ्यावं? जाणकारांनी सांगा. कोड चिकटवत नाही, रचना शब्दांत सांगतो म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

पंजा_आणि_बीम

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांची सॉफ्टवेअरं करतो, बहुतेक फ्लास्कमध्येच. म्हणून थोडं लांबण लावतो.

फ्लास्कच्या गाभ्यात डेटाबेस नाहीच. आर्मिन रोनाखरनं २०१० च्या १ एप्रिलला एक थट्टा म्हणून एका फाइलीत मावणारं फ्रेमवर्क टाकलं, त्याचं पुढं हे झालं. रिक्वेस्ट-रिस्पॉन्सचं काम वेर्कझॉइगकडं, टेम्प्लेटचं जिंजाकडं. बाकी जे लागेल ते एक्स्टेन्शननं जोडायचं. त्यामुळं 'फ्लास्कमध्ये डेटाबेस कसा करू' या प्रश्नाला एकच उत्तर नाही आणि तुम्हाला दहा पद्धती दिसतात.

फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी हे फार पातळ आवरण आहे. खरं काम एसक्यूएलअल्केमी करते, म्हणजे पायथनच्या वस्तू आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणारी लायब्ररी. आवरणाचा मोठा उपयोग म्हणजे सेशन (डेटाबेसशी चालू असलेलं बोलणं) सांभाळणं. रिक्वेस्ट आली की तिचं स्वतःचं सेशन, रिक्वेस्ट संपली की ते आपोआप काढून टाकलं जातं. हे हातानं करायला गेलात तर कुठंतरी कनेक्शन उघडं राहतं आणि गर्दीच्या दिवशीच सर्व्हर अडतो. थेट एसक्यूएल लिहिणं वाईट नाही, रिपोर्टसाठी मीही लिहितो. पण रोजच्या नोंदींना एक्स्टेन्शन बरं.

धडे बघताना मात्र सालाकडं लक्ष ठेवा. मॉडेल डॉट क्वेरी अशी सुरुवात असेल तर तो जुना धडा. ती पद्धत अजून चालते, पण तिला आता वारसा (लेगसी) म्हणतात. एसक्यूएलअल्केमी २.० जानेवारी २०२३ मध्ये आली. आता सिलेक्ट बांधायचं आणि ते सेशनच्या एक्झिक्यूटला द्यायचं. एक्स्टेन्शनची ३.१ आवृत्ती त्याच वर्षीची आहे, ती नव्या धाटणीची मॉडेल समजून घेते. दोन्ही पद्धती एका प्रोजेक्टात मिसळू नका, सहा महिन्यांनी स्वतःलाच कळत नाही.

आणि नवशिक्यांना हमखास आडवं येणारं एक: एसक्यूलाइटचा सापेक्ष पत्ता दिला की आवृत्ती ३.० पासून फाइल 'इन्स्टन्स' नावाच्या फोल्डरात तयार होते. आधी ती अ‍ॅपच्या फोल्डरात व्हायची. जुना धडा बघून टेबलं एका फाइलीत केलेली, अ‍ॅप दुसरीच रिकामी फाइल उघडतंय, आणि एरर 'असं टेबलच नाही'. दिवस जातो यात.

नळाला पाणी आलंय, बाकीचं नंतर लिहितो.

कडकभाकरी

पाणी आल्यावर माणूस धागा सोडून पळतो म्हणजे अस्सल सोलापूरकर. +१ सगळ्याला.

मी पण असंच करायलालोय बे, भुसार मालाचं. वाचतोय.

बाणेर_बायपास

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात. २०२६ च्या तोंडावर नवं काम फ्लास्कमध्ये का सुरू करायचं? फास्टएपीआय घ्या. टाइप हिंट्स (कुठल्या नावात कुठल्या प्रकारची माहिती, त्या खुणा) लिहिल्या की पायडँटिकमुळं इनपुटची तपासणी फुकट, डॉक्युमेंटेशनचं पान आपोआप तयार, असिंक सपोर्ट (एक रिक्वेस्ट थांबली असताना दुसरी हाताळणं) जन्मापासून. फ्लास्कमध्ये हेच करायला चार एक्स्टेन्शनं गोळा करावी लागतात आणि त्यांची एकमेकांशी आवृत्ती जुळवत बसावं लागतं.

पंजा_आणि_बीम

आलो. टाकी भरली.

फास्टएपीआय चांगलंच आहे, वाद नाही. पण यांच्या कामात असिंकचा फायदा काय? एका गाळ्यावर तीन-चार फोन. वेळ जाणार तो डेटाबेसमध्ये आणि यार्डातल्या नेटवर्कमध्ये. शिवाय असिंक एन्डपॉइंटच्या आत चुकून साधं, थांबवून ठेवणारं सेशन वापरलं तर सगळा इव्हेंट लूप अडकतो, हे नवीन माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही.

तपासणी आणि डॉक्युमेंटेशनसाठी फ्लास्कमध्ये फ्लास्क-स्मोरेस्ट आहे. ते मार्शमॅलो या तपासणीच्या लायब्ररीच्या स्कीमा (कुठल्या खान्यात काय चालेल त्याचे साचे) वापरतं आणि त्यांच्यावरूनच ओपनएपीआयचं वर्णन तयार करतं. म्हणजे चार नाही, एकच एक्स्टेन्शन. फ्लास्क-रेस्टफुल नव्यानं घेऊ नका. त्यातला रिक्वेस्ट पार्सर काढून टाकणार असं त्यांच्याच दस्तऐवजात कधीचं लिहून ठेवलंय.

बाणेर_बायपास

असिंकचा मुद्दा मान्य. टाइप हिंट्सचा माझा मुद्दा तसाच आहे, पण धागा त्यावर न्यायचा नाही. नवीपेठकर, जे येतं त्यात करा. फ्रेमवर्क बदलता येतं, टेबलं बदलायला जीव जातो. कॉलम काय ठेवलेत ते सांगा आधी.

नवीपेठकर

सांगतो. आवक: आयडी, शेतकऱ्याचा आयडी, पिशव्या (पूर्णांक), वजन क्विंटलमध्ये (फ्लोट, म्हणजे अंदाजे साठणारा दशांश), भाव (फ्लोट), खरेदीदाराचं नाव (मजकूर), नोंदीची वेळ (सर्व्हर टाकतो). पट्टी: आवकचा आयडी, हमाली, तोलाई, मोटारभाडं, उचल, निव्वळ रक्कम, सगळे फ्लोट.

एन्डपॉइंट: /सेव्हआवक, /गेटआवक, /सेव्हपट्टी, /गेटपट्टी, /डिलीटआवक. सगळे पोस्ट. चूक झाली तर २०० ('सगळं ठीक' चा स्टेटस कोड) च जातं आणि आत 'स्टेटस : फेल' असतं. मित्र म्हणतो अ‍ॅपला सोपं पडतं.

वहीखाते

मी प्रोग्रॅमर नाही हो. यार्डातल्याच दोन-तीन दुकानांचे हिशोब तपासते, आणि मुलाच्या नादानं पायथन शिकले. पैसे फ्लोटमध्ये बघितल्यावर राहवलं नाही.

एक पट्टी घेऊ, आकडे नुसते उदाहरणाचे. ३७ पिशव्या, वजन १८.४५ क्विंटल, भाव १,३५० रुपये. रक्कम झाली २४,९०७.५०. हमाली पिशवीला ८ प्रमाणे २९६, तोलाई ३ प्रमाणे १११, मोटारभाडं १,४८०, आधी दिलेली उचल २,०००. वजावट ३,८८७. निव्वळ २१,०२०.५०. दिवाणजी काय लिहितात? २१,०२१. पन्नास पैसे वर, पिढ्यान्‌पिढ्या.

आता पायथनच्या राउंडला हाच आकडा द्या. तो २१,०२० देतो. बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा तो जवळच्या सम संख्येकडं नेतो, आणि डेसिमल प्रकार वापरला तरी राउंड तसंच वागतं. गंमत पुढं आहे. महिन्याचा रिपोर्ट तुम्ही पोस्टग्रेसच्या न्यूमेरिक कॉलमवर त्याच्याच राउंडनं काढलात, तर तो २१,०२१ देतो, कारण तो अर्धा शून्यापासून दूर नेतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात एक पट्टी आणि रिपोर्टात दुसरीच रक्कम. एक रुपयाच, पण त्या एका रुपयासाठी संध्याकाळी आठ वाजता मला फोन येतो.

तेव्हा: पैसे आणि वजन दोन्ही न्यूमेरिकमध्ये (नेमका दशांश). पायथनमध्ये डेसिमल, आणि क्वांटाइझला 'राउंड हाफ अप' स्पष्ट सांगायचं. रुपयाला पूर्ण करायचं ते एकाच ठिकाणी, पट्टीच्या शेवटी, आणि तो आकडा साठवून ठेवायचा. रिपोर्टानं तो नुसता वाचायचा, पुन्हा काढायचा नाही.

पंजा_आणि_बीम

ताई, दंडवत.

यात माझी दोन वाक्यं. एसक्यूलाइटला खरा दशांश प्रकार नाहीच. न्यूमेरिक कॉलम केलात तरी आत तो फ्लोटच ठेवतो आणि एसक्यूएलअल्केमी तसा इशारा देते. एसक्यूलाइटवरच राहायचं असेल तर पैसे आणि किलो पूर्णांकात ठेवा, पैशांत आणि ग्रॅममध्ये. नाहीतर सरळ पोस्टग्रेस. मी पोस्टग्रेसच म्हणेन, कारण एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहिणारा असतो आणि परकी किल्लीची (फॉरेन की) तपासणीसुद्धा मुद्दाम चालू केल्याशिवाय होत नाही. शेतकरी पुसला तरी त्याची आवक तशीच लोंबकळत राहते.

दुसरं, जेसन, म्हणजे एपीआयचं उत्तर ज्या मजकूर-रूपात जातं ते. फ्लास्क डेसिमल पाठवताना त्याची स्ट्रिंग करतो. ते चांगलंच आहे, 'दुरुस्त' करायला जाऊ नका. मार्शमॅलोच्या डेसिमल फील्डलाही 'स्ट्रिंग म्हणून' असं सांगून ठेवा. मित्राला सांगा, अँड्रॉइडमध्ये बिगडेसिमलनं वाचायचं, डबलनं नाही. नाहीतर इकडं कमावलेलं तिकडं घालवलं.

कडकभाकरी

> २१,०२० आणि २१,०२१

डोकं फिरलालं बे. आमच्या भुसारात पण हेच होत असणार.

होटगीरोड

वर कुणीच एन्डपॉइंटवर बोललं नाही, म्हणून मी. सगळंच पोस्ट आणि सगळंच २०० हे माझ्या डोक्यात जाणारं प्रकरण आहे. एका कंपनीत (नाव नको) असलं एपीआय सांभाळलंय. मॉनिटरिंगचा आलेख आठवडाभर हिरवागार, आणि आत निम्म्या नोंदी 'फेल'. लॉगला, प्रॉक्सीला, अलार्मला, कुणालाच कळत नाही की काही बिघडलंय, कारण सगळ्यांची भाषा स्टेटस कोड हीच असते.

रॉय फिल्डिंगनं २००० साली प्रबंधात मांडलेलं सगळं रेस्ट (वेब एपीआय रचायची शैली) आपण कुणी पाळत नाही. हायपरमीडियाच्या लिंका वगैरे सोडून द्या. पण एवढं पाळा: पत्ता नामाचा, क्रिया मेथडची. /आवक वर पोस्ट म्हणजे नवी नोंद, उत्तर २०१ आणि लोकेशन हेडरमध्ये तिचा पत्ता. /आवक/अमुक वर गेट म्हणजे वाचणं. भाव दुरुस्त करायला पॅच. माहितीच चुकीची आली तर ४२२ आणि कुठल्या खान्यात चूक ते आत. सापडलं नाही तर ४०४. पट्टी निघाल्यावर कुणी आवकेचं वजन बदलायला आलं तर ४०९, कारण विनंती बरोबर आहे पण सध्याच्या स्थितीशी भांडतेय. डिलीट तर मी ठेवणारच नाही. हिशोबाच्या वहीत पान फाडतात का? 'रद्द' असा शेरा मारायचा, कुणी मारला तेही ठेवायचं.

मार्शमॅलोची तिसरी आवृत्ती अनोळखी खाना आला की आपणहून नकार देते. काही लोक कटकट म्हणून ते बंद करतात. करू नका. अ‍ॅपमध्ये 'वजन' ऐवजी 'वजण' टाइप झालं, तर ते पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे.

नवीपेठकर

एवढं सगळं एका दिवसात! धन्यवाद. फ्लोट काढतोय. पोस्टग्रेस घेतो.

नोंदीची वेळ सर्व्हर टाकतो म्हणालो, त्यात काही अडचण नाही ना? यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतोय, सगळीकडं तसंच लिहिलंय.

वहीखाते

गाड्या किती वाजता लागतात हो तुमच्याकडं?

नवीपेठकर

रात्रीपासूनच. दोन-तीन वाजता रांग असते. सकाळी लिलाव.

होटगीरोड

ताईंना उत्तर माहीत होतं, म्हणून विचारलं.

यूटीसीमध्ये ठेवणं बरोबरच आहे. पण आपण साडेपाच तास पुढं. १४ तारखेच्या पहाटे तीनला उतरलेली गाडी यूटीसीत १३ तारखेच्या रात्री साडेनऊची. तुम्ही 'आजची आवक' म्हणून त्या वेळेतून तारीख काढून गाळलीत, तर पहाटे साडेपाचच्या आधीचा सगळा माल कालच्या दिवसात पडतो. दुपारी ऑफिसात बसून चाचणी केलीत तर हे कधीच दिसणार नाही, कारण दुपारी दोन्ही तारखा एकच असतात.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. वेळेचा कॉलम टाइमझोनसकट ठेवा, आणि यूटीसीनाऊ हे जुनं फंक्शन वापरू नका. पायथन ३.१२ पासून ते मोडीत काढलंय, कारण ते झोन नसलेली वेळ देतं. आणि त्याशिवाय 'बाजार दिनांक' असा वेगळा, साधा तारखेचा कॉलम. रात्री अकराला आलेली गाडी दुसऱ्या दिवशीच्या लिलावाची असते ना? ते कुठल्याच टाइमझोनला कळणार नाही. ते दिवाणजी ठरवणार. तो धंद्याचा दिवस आहे, घड्याळाचा नाही.

पंजा_आणि_बीम

बाजार दिनांक भारी. आमच्याकडं 'पाळीचा दिनांक' असतो तसंच, रात्रपाळीचं उत्पादन कुठल्या दिवसात धरायचं त्याचा.

आता नेटवर्कबद्दल. गर्दीत यार्डात रेंज कशी असते ते सांगायला नको. अ‍ॅपनं आवक पाठवली, सर्व्हरनं नोंद केली, उत्तर परत येताना रेंज गेली. अ‍ॅपला वाटलं गेलीच नाही, पुन्हा पाठवली. एकाच गाडीच्या दोन नोंदी, शेतकऱ्याला दोन पट्ट्या. पोस्टचा स्वभावच तो आहे, दोनदा केला की दोनदा होतो.

म्हणून नोंदीची ओळख फोननंच तयार करायची. 'जतन करा' दाबलं की फोनवर यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा लांब क्रमांक) बनला, तो फोनवरच साठवला, आणि पुन्हा पाठवताना तोच. टेबलात त्या कॉलमवर युनिक बंधन. दुसऱ्यांदा आला की डेटाबेस इंटिग्रिटी एरर देतो. तो पकडायचा, सेशन रोलबॅक करायचं (अर्धवट व्यवहार मागं फिरवायचा), आणि आधीची नोंद शोधून २०० नं परत द्यायची. अ‍ॅपला फरकच कळत नाही. 'आधी शोधा, नसेल तर घाला' एवढ्यावर विसंबू नका. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं. निकाल बंधनानंच लावायचा.

रोलबॅक विसरलात तर त्याच सेशनवरची पुढची प्रत्येक क्वेरी 'व्यवहार आधीच मोडलाय' म्हणून फेकते, आणि एरर भलत्याच ओळीवर दिसतो. तिथं शोधत बसू नका, मूळ आधीच्या एररमध्ये असतं.

नवीपेठकर

हे सगळं टेबलांत केलं. आता नवंच. शेतकऱ्यांची नावं एपीआयच्या उत्तरात बॅकस्लॅश यू ०९१५ अशी दिसतात. अ‍ॅपमध्ये नीट येतात. आणि दुसरं, शोध नीट लागत नाही. 'कुऱ्हाडे' टाइप केलं तर काहीजण सापडतात, काही नाही. डोळ्यांना सगळे सारखेच!

बाणेर_बायपास

पहिलं निरुपद्रवी आहे. फ्लास्क जेसन बनवताना मुळात अ‍ॅस्की सोडून बाकी सगळ्याचं असं कोडात रूपांतर करतो. अ‍ॅपच्या जेसन सेटिंगमध्ये 'एन्शुअर अ‍ॅस्की' बंद करा, नावं मराठीत दिसतील. प्रत्येक अक्षरामागं सहा बाइटऐवजी तीन जातील, मराठी मजकूर जास्त असला तर जाणवतं. तिथंच 'सॉर्ट कीज' पण आहे, तेही बघून घ्या.

दुसरं खास आपलं दुखणं. 'ऱ्ह' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड वेगळा नुक्तावाला ऱ टाकून हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि मागं न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक टाकतात. पडद्यावर दोन्ही एकसारखेच, डेटाबेससाठी दोन वेगळी नावं. युनिकोडचं एनएफसी रूप केलं की र आणि सुटा नुक्ता यांचा एक ऱ होतो, पण जोडकवालं प्रकरण एनएफसीनं सुटत नाही. ते स्वतः बदलावं लागतं. नाव जसं आलं तसं ठेवा, आणि शेजारी 'शोधनाव' असा कॉलम ठेवून त्यात सगळं एका साच्यात आणलेलं रूप ठेवा. शोध त्याच कॉलमवर, आणि शोधायला आलेला शब्दही त्याच गाळणीतून. मार्शमॅलोत लोड झाल्यावर चालणारा हूक असतो, तिथं हे बसतं.

कडकभाकरी

आडनावात ऱ्ह असलेल्या माणसांच्या वतीनं आभार. बँकेत, रेशनला, सगळीकडं हेच भोगलंय, कारण आज कळलं.

होटगीरोड

'आजची आवक' ची यादी किती वेळात येते?

नवीपेठकर

माझ्या चाचणीत झटकन. पाच शेतकरी आणि शंभर नोंदी घालून बघितलं.

होटगीरोड

पाचच शेतकरी, तिथंच फसगत. यादीतल्या प्रत्येक आवकेसाठी शेतकऱ्याचं नाव लागतं. संबंध आळशी (लेझी, लागेल तेव्हाच आणणारा) ठेवला असेल (मुळात तो तसाच असतो) तर नाव विचारल्यावर एसक्यूएलअल्केमी वेगळी क्वेरी मारते. पण एकदा आणलेला शेतकरी सेशनच्या ओळख नकाशात राहतो, पुन्हा आणावा लागत नाही. म्हणून तुमच्याकडं शंभर नोंदींना एक अधिक पाच क्वेरी झाल्या. यार्डात शंभर नोंदी म्हणजे जवळजवळ शंभर वेगळे शेतकरी. तिथं एक अधिक शंभर. खरेदीदाराचं टेबल वेगळं केलंत (कराच, नाव मजकुरात ठेवू नका) तर त्यांचीही भर, पण ते मोजकेच असतात.

क्वेरीतच 'जॉइन्डलोड' किंवा 'सिलेक्टइनलोड' सांगा. एका शेतकऱ्याकडं जाणाऱ्या संबंधाला पहिलं, एका आवकेच्या अनेक वजनचिठ्ठ्या असतील तर दुसरं. आणि एसक्यूएलअल्केमी इको चालू करून टर्मिनलवर क्वेरी एकदा डोळ्यांनी मोजा. पानंही पाडा. एक्स्टेन्शनच्या पॅजिनेटमध्ये पानाला मुळात २० नोंदी असतात आणि कमाल १००, ते बंधन काढू नका.

नवीपेठकर

मोजल्या. पोटात गोळा आला. जॉइन्डलोड टाकलं, एकच क्वेरी.

खरेदीदाराचं टेबल वेगळं करताना फ्लास्क-मायग्रेट (टेबलांच्या रचनेतले बदल लागू करणारं एक्स्टेन्शन) बसवलं. 'मायग्रेट' चालवलं की फाइल बनते, 'अपग्रेड' केलं की लागू. सोपं आहे. 'भाव' कॉलमचं नाव 'दर' करून टाकू का आताच?

पंजा_आणि_बीम

थांबा. अपग्रेड करायच्या आधी तयार झालेली फाइल उघडा.

फ्लास्क-मायग्रेटच्या आत काम करणारं अलेम्बिक जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून फरक काढतं. नाव बदललंय हे त्याला कळत नाही. त्याला दिसतं 'भाव' गेला आणि 'दर' नवा आला. फाइलीत ड्रॉप कॉलम आणि अ‍ॅड कॉलम लिहिलेलं सापडेल, आणि चालवलंत तर सगळे भाव पुसले जातील. हातानं ते काढून 'अल्टर कॉलम' मध्ये नवं नाव द्या. टेबलाच्या नावाचंही तसंच. शिवाय चालू टेबलात रिकामा न चालणारा कॉलम घालताना आधीच्या ओळींना काय भरायचं ते सांगावं लागतं, नाहीतर पोस्टग्रेस नकार देतो. या फाइली गिटमध्ये जातात, तयार झाल्या म्हणून न वाचता चालवायच्या नसतात.

खरेदीदार वेगळे करताना तर आत थोडं एसक्यूएल लिहावंच लागेल: जुन्या मजकुरातली वेगवेगळी नावं नव्या टेबलात, मग आवकेत त्यांचे आयडी, मग जुना कॉलम काढणं. तीन पायऱ्या तीन फाइलींत ठेवल्यात तर मधेच अडलं तरी सावरता येतं.

बाणेर_बायपास

लॉगिनचं कुणी विचारलं नाही अजून. फ्लास्क-जेडब्ल्यूटी-एक्स्टेंडेड घेतलंत तर मुळात अ‍ॅक्सेस टोकन (लॉगिन झाल्याचा पुरावा) १५ मिनिटांचं आणि रिफ्रेश ३० दिवसांचं. यार्डात दर १५ मिनिटांनी दिवाणजींना पासवर्ड विचारलात तर दुसऱ्या दिवशी वही परत येईल. रिफ्रेश अ‍ॅपनं गुपचूप करायचं.

पण टोकन आहे म्हणजे झालं असं नाही. शेतकऱ्याला त्याची पट्टी मोबाईलवर दाखवणार असाल तर /पट्ट्या/१०४३ च्या जागी १०४४ टाकून शेजाऱ्याची पट्टी दिसते का ते बघा. लॉगिन दोघांचंही खरं असतं, चुकतं ते 'ही वस्तू याची आहे का' हे न विचारणं. ओवॅस्प या वेब सुरक्षेवरच्या संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ लाही आणि २०२३ लाही हेच पहिल्या नंबरवर. क्वेरीतच शेतकऱ्याचा आयडी घाला, आणि दुसऱ्याची असेल तर ४०४. तिथं ४०३ (मनाई) दिलं तर पट्टी अस्तित्वात आहे एवढं तरी कळतंच.

वहीखाते

पट्टी क्रमांक आणि आयडी एकच ठेवलाय का? ठेवू नका. आम्हाला क्रमांक सलग लागतात. १०४३ नंतर १०४५ आला की तपासणीत पहिला प्रश्न, १०४४ कुठं गेली?

होटगीरोड

आणि पोस्टग्रेसचा सीक्वेन्स सलगतेची हमी देत नाहीच. नोंद रोलबॅक झाली तरी वापरलेला आकडा परत येत नाही. 'सर्वात मोठा अधिक एक' केलंत तर दोन फोनना एकच क्रमांक मिळू शकतो.

वेगळं छोटं टेबल करा: हिशोबाचं वर्ष आणि शेवटचा क्रमांक. पट्टी काढताना ती ओळ 'विथ फॉर अपडेट' नं कुलूपबंद करून वाचा, एक वाढवा, पट्टी घाला, मग एकच कमिट. दुसरा फोन तेवढा वेळ थांबतो, काही मिलिसेकंद. पट्टी फसली तर क्रमांकही परत फिरतो. एसक्यूलाइटवर हे कुलूप नुसतं दुर्लक्षिलं जातं, लॅपटॉपवर तपासून खात्री मानू नका.

नवीपेठकर

झालं. आता सर्व्हरवर टाकायचंय. गाळ्यातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर 'फ्लास्क रन' करून ठेवू का? मामा म्हणतात भाड्याचा सर्व्हर कशाला.

पंजा_आणि_बीम

वीज गेली की धंदा बंद, मामांना एवढंच सांगा.

'फ्लास्क रन' फक्त विकासासाठी, ते स्वतःच तसा इशारा छापतं. डीबग चालू ठेवून बाहेर उघडलंत तर एररच्या पानावरून कुणीही तुमच्या मशीनवर पायथन चालवू शकेल. त्याला एक पिन असतो, पण त्याच्या भरवशावर राहायचं नसतं. खऱ्या वापराला गनिकॉर्न (अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) आणि पुढं एन्जिनएक्स (बाहेरच्या रिक्वेस्ट घेऊन त्याला देणारा). दोन-तीन वर्कर तुम्हाला रग्गड. साध्या सिंक वर्करला एका वेळी एकच रिक्वेस्ट, म्हणजे एकच कनेक्शन. थ्रेड वाढवले तर मात्र मोजा: प्रत्येक प्रोसेसचा कनेक्शनांचा पूल मुळात ५ अधिक जास्तीचे १०, आणि पोस्टग्रेस मुळात एकूण १०० च कनेक्शनं घेतो.

'पूल प्री पिंग' चालू ठेवा. दुपारनंतर यार्ड शांत, रात्री दोनला पहिली नोंद. तोपर्यंत मधल्या कुणीतरी रिकामं कनेक्शन तोडलेलं असतं आणि नेमकी पहिलीच गाडी एरर खाते. प्री पिंग वापरण्याआधी कनेक्शन जिवंत आहे का ते बघतं, मेलेलं असेल तर नवं घेतं.

नवीपेठकर

भाड्याचा सर्व्हर ठरला. मामांनी दिवाणजींना विचारलं, ते म्हणाले वही पण चालू ठेवा. गड्ड्याची जत्रा (जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) होईपर्यंत दोन्ही चालणार आहेत.

वहीखाते

दिवाणजी शहाणे आहेत. रोज संध्याकाळी दोन्हीच्या बेरजा मला पाठवा, बघते.

कडकभाकरी

पट्टी थर्मल प्रिंटरवर मराठीत छापायची असली तर? आमच्याकडं चौकोन येतात नुसते.

बाणेर_बायपास

त्या प्रिंटरना बहुधा देवनागरीची जोडाक्षरं येत नाहीत. मजकूर न पाठवता फोनवरच पट्टीचं चित्र बनवून ते पाठवायचं. एपीआयनं फक्त आकडे द्यायचे, छपाईत त्याला ओढू नका. वेगळा धागा काढा त्यासाठी, प्रिंटरचं मॉडेल पण लिहा.